त्यांनी मांडी कशी घातली

मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी साडेतीनला माझे पती शेतातल्या चिंचेवरून पडले. मी भालकीला होते, कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर. सासूबाईंचा फोन आला. बिदरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सहा वाजले होते. डॉक्टरांनी सांगितलं की पाठीचा कणा छातीच्या मागे मोडला आहे आणि आतला मज्जारज्जू तुटला आहे. त्यानंतर ते उभे राहिले नाहीत. चार वर्षांनी ते गेले.

मेहकरला, भालकीजवळच्या आमच्या गावात, आता त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. जिवंतपणी ज्याचे पाय लाकडासारखे ताठ होते, चौघांनी ओढले तरी वाकत नव्हते, त्याने जीव गेल्याबरोबर आपोआप मांडी घातली. सांगताना सांगणाऱ्याचे डोळे भरून येतात. मी ती गोष्ट तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकली त्याच दिवशी वही घेतली. मला देवाशी भांडायचं नाही. पण ती गोष्ट खरी नाही, आणि खरं काय झालं ते माझ्या हातांना माहीत आहे.

मांडीचं एवढं काय, हे आधी सांगायला हवं. आमच्यात, लिंगायतांत, माणसाला जाळत नाहीत, आडवं पुरतही नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्याने जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं शेतात पुरतात. रोज सकाळी तो पूजेला जसा बसायचा, तसंच. आपण एके दिवशी असे बसणार, हे प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असतं. त्यात कुणाला भीती वाटत नाही. भीती वाटते ती बसता न येण्याची.

माझ्या पतींना ती वाटायची, आणि तिला कारण होतं. त्यांचे एक चुलते पाच-सहा वर्षं अंथरुणावर होते आणि त्यांचे गुडघे सरळच्या सरळ आखडून गेले होते. आमच्या लग्नाआधीची गोष्ट. चुलते गेले तेव्हा माझ्या पतींनी त्यांची पाठ धरली होती. दोघांनी गुडघे धरले, तिसऱ्याने लाकडी दांडा लावला. आवाज आला. तो कसा आला हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की पाठ सोडून द्यावी असं वाटलं होतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं मनगट धरलं. “माझं तसं होऊ देऊ नको.” कसलं ते मला विचारावं लागलं नाही.

तोवर त्यांचे पाय ओल्या कापडासारखे पडून होते. उचलावे तिथे उचलले जात, सोडावे तिथे पडत. असे सहा आठवडे गेले. मग एका सकाळी सासूबाई त्यांचे पाय धूत होत्या. तळवा घासायला त्यांनी पंजा वरच्या बाजूला दाबला आणि पाऊल थाडथाड हलायला लागलं. थांबेना.

“अगं ये! पाय हलायलाय! माझ्या लेकराचा पाय हलायलाय!”

मी चुलीपासून पळत आले. माझ्यामागून शेजारच्या दोघी आल्या. कुणीतरी नारळ आणला. माझे थोरले चुलत दीर मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर खानावळ चालवतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते दुपारपर्यंत मोटरसायकलवर हजर झाले, सगळ्यांसमोर पाय हलवून दाखवायला लावला आणि दोन बोटं वर करून म्हणाले, “दोन म्हैन्यात ह्यो चालंतोय बघा.” माझे पती आपल्याच पायाकडे, दुसऱ्या कुणाच्या अंगणात चाललेला तमाशा बघावा तसे बघत होते. माणसं पांगल्यावर त्यांनी मला विचारलं, “व्हय गं?”

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक घरी आणलं. मला एवढंच येतं. काही कळलं नाही की मी पुस्तक शोधते.

स्नायूच्या आत, त्याच्या नेहमीच्या तंतूंना लागूनच, बारीक तंतूंच्या जुड्या असतात. ओझं उचलणं हे त्यांचं काम नाही. त्या मोजतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने ताणला गेला, हे मोजून त्या मज्जारज्जूला कळवतात. तिथूनच, मेंदूला न विचारता, स्नायूला हुकूम परत येतो की आवळ. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो यानेच. मेंदूला बातमी मागाहून कळते. मेंदू फक्त वरून सारखं सांगत असतो, पुरे, बेताने. मज्जारज्जू तुटला की खालचा भाग काही आठवडे गप्प राहतो. मग जागा होतो. आता त्याला बेताने म्हणणारं वर कुणी नसतं. जरा ताण पडला की तो पूर्ण जोरात उत्तर देतो. सासूबाईंनी पंजा दाबला, पोटरी ताणली गेली, ती आवळली, सुटली, पुन्हा ताणली गेली. पाऊल हललं ते असं. ते माझ्या पतींचं हलणं नव्हतं.

हे मी त्यांना सांगितलं. सासूबाई, शेजारी, अण्णा, सगळ्यांच्या तोंडावर आनंद असताना मी एकटी खाटेजवळ बसून सांगितलं की पाय हलतो आहे, पण तुम्ही हलवत नाही, आणि तुम्ही चालणार नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या जिभेला काही हाड?” मी ऐकून घेतलं. खोट्या आशेवर चार वर्षं काढण्यापेक्षा दोन दिवसांचा अबोला मला परवडला.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच हसले. ते कपडे शिवायचे, गावातल्या चौकात त्यांचं दुकान होतं. पाऊल पुन्हा थाडथाड हलत होतं. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, “बघ, मशीन चालवायलाय. खाली कापड न्हाई, सुई न्हाई, तरी चालवायलाय येडं.”

सासूबाईंना मी कुत्र्याच्या भाषेत समजावलं. घरात धनी असला की कुत्रं दाराशी कोण आलं ते बघून भुंकतं, धनी नसला की वाऱ्यावरही भुंकतं. त्यांना ते एकदम पटलं. पुढे कुणी पाय हलला म्हणालं की त्याच सांगायच्या, “ते त्याचं न्हाई. ते कुत्रं भुंकायलंय.”

बिदरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिने मला पाय कसा धरायचा ते शिकवलं. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली. मी पहिल्यांदा वाकवायला गेले तर पाय असा उसळला की माझी हनुवटी फुटली असती. ती हसली. “हौलू, अक्का, हौलू. जल्दी करे तो पाँव लड़ता.” मग तिने दाखवलं. इतकं सावकाश, की बघणाऱ्याला ती नुसती पाय धरून बसली आहे असं वाटावं. वेग मोजणाऱ्या जुड्यांना वेग मिळालाच नाही, तर त्या हुकूम मागत नाहीत. अर्ध्या वाटेत पाय अडायचा. तिथे जोर लावायचा नाही, सोडायचंही नाही. नुसतं थांबायचं. थोड्या वेळाने तो अडसर स्वतःहून सुटायचा, खिशातला चाकू मिटावा तसा. माझे पती तिच्याकडे बघत होते. म्हणाले, “हे तर उरेब, तिरप्या कापलेल्या कापडासारखं हाय. झटक्यानं ओढलं की टाके तुटतात. सावकाश सोडलं की आपसूक पडतंय.” माझ्या पुस्तकातली तीन पानं त्यांनी एवढ्यात संपवली.

घरी मात्र हळू कुणालाच माहीत नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक पुरुष पाय वाकवून बघायचा. मांडी बसते का, हेच त्याला बघायचं असे, तोंडाने कुणी म्हणत नसे. हिसका दिला की पाय ताठ. तो जोर लावी, पाय आणखी ताठ. मग दुसरा पुढे सरसावे, “बाजूला हो, तुझ्या हातात दम न्हाई.” दोन दांडग्या माणसांना न हललेला पाय, म्हणून गावभर बोभाटा झाला. हीच ती चौघांनी ओढल्याची गोष्ट. त्या पायात ताकद ओढणाऱ्यांनी घातली होती. जितकं झटकन ओढाल तितकं तो परत देणार. पाय वाकत नव्हता असं नाही. त्यांना तो वाकवता येत नव्हता.

एके दुपारी मी भालकीला होते. पाचच्या बसने परत आले तर खाटेवर त्यांचे दोन्ही पाय एकमेकांत गुंतवून, धोतराने करकचून मांडी बांधलेली. अण्णा बाहेर ओसरीवर चहा पीत बसले होते. सवय लागावी म्हणून बांधली, म्हणाले, कोवळ्या वेलाला बांधतो तशी. तीन तास झाले होते. पाय आत आवळत होते, सुटत होते, पुन्हा आवळत होते, आणि घोट्यावरची कातडी धोतराखाली घासून निघाली होती. माझ्या पतींना कंबरेखाली काही कळत नव्हतं. ते वर्तमानपत्र वाचत होते. मी गाठ सोडली तेव्हा धोतर चिकटलेलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघून समजले.

मी ओसरीवर आले. एरवी मी अण्णांसमोर मोठ्याने बोलत नाही. “अण्णा, आजपासून यांच्या पायाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

“अगं, त्याच्या भल्यासाठीच केलं की. उद्या वेळ आली तर बसवायचं कसं? कुणी म्हणायला नको, की लिंगायताच्या पोराला आडवं घातलं.”

“उद्याचं उद्या. आज ते जिवंत आहेत.”

“पुस्तकं वाचणाऱ्या बाईला काय कळतंय आमच्यातलं?”

“पुस्तकात पायाचं आहे, अण्णा. पाय तुमच्यातले आणि पुस्तकातले सारखेच.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या माझ्या बाजूने बोलतील असं मला वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “ती म्हणायलीय तसंच व्हईल. चहा पिऊन जा तू.” घोट्याची जखम भरायला अडीच महिने लागले. ती भरेपर्यंत रोज पट्टी बदलताना मी अण्णांना मनात जे काही म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर आमचा दिवस ठरून गेला. सकाळी सहाला मी डावा पाय घ्यायची, सासूबाई उजवा. आधी पंजा, मग गुडघा, मग मांडी बाहेरच्या बाजूला. तासभर लागायचा. सासूबाई तोंडाने शिवनाम म्हणायच्या. त्यांचा वेग त्या नामाने बांधलेला होता आणि माझ्यापेक्षा बरा होता. मग आम्ही दोघी त्यांना भिंतीशी टेकवून मांडी घालून बसवायचो, दोन्ही बाजूंना उशा देऊन. डाव्या तळहातावर लिंग घेऊन ते पूजा करायचे. पूजा झाली की तिथेच ताट. ताट झालं की मांडीवर कापड. मशीन गेलं होतं, पण हात शाबूत होते. गावातल्या दुसऱ्या दुकानातून काज-बटणांचं आणि तुरपाईचं काम येऊ लागलं. मांडीच्या खळग्यात कापड ठेवून ते तासन् तास शिवत बसायचे. माझ्या तीन साड्यांना त्या दिवसांतले फॉल आहेत.

लोक म्हणत, हिला दिवसरात्र एकच ध्यास, नवऱ्याची समाधी नीट व्हावी. कौतुकाने म्हणत. मला त्या कौतुकाचा राग यायचा, अजून येतो. मी मेलेल्या माणसाची तालीम घेत नव्हते. मला माझा माणूस माझ्यासमोर बसलेला हवा होता. आडवा पडून छताकडे बघणारा नको होता. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं ते शेवटच्या दिवसाचं. मी ते रोजच्या दिवसात पाळत होते.

पायांनी आम्हाला आणखी एक गोष्ट दिली. त्यांना खालचं दुखणं कळत नसे, पण पायांना कळे. लघवीची नळी तुंबली, पाठीखाली चादरीची घडी राहिली, की पाय नेहमीपेक्षा जास्त ताठ व्हायचे. “आज कामून गं एवढे भांडायलेत?” सासूबाई विचारायच्या, आणि आम्ही शोधायला लागायचो. बहुतेक वेळा काहीतरी सापडायचं.

चौथ्या वर्षी एका सोमवारी पाय तसे ताठ झाले. ताप होता. मी बिदरला नेलं. मूत्रपिंडात जंतू गेले होते. औषधं चालू झाली, आठ दिवसांनी घरी सोडलं, पुन्हा ताप आला. त्यांना परत जायचं नव्हतं. त्या आठवड्यात ते फार कमी बोलले. एकदा म्हणाले, “वाकतात न्हवं गं अजून?” मी त्यांच्यासमोर दोन्ही पाय वाकवून दाखवले. तापात पाय जोरात भांडत होते, एकेका पायाला अर्धा तास लागला. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि डोळे मिटले.

गुरुवारी सकाळी साडेदहाला ते गेले. मी तिथेच होते.

अण्णा तासाभरात आले, रडतच आले. थोडे सावरल्यावर म्हणाले की स्वामी भालकीहून यायला दुपार होईल, जहिराबादची मंडळीही वाटेत आहेत, तोवर झोपलेलेच राहू दे. “तशात ह्येचे पाय. सगळी गडीमाणसं आल्याशिवाय जमायचं न्हाई ते.” आणि बाहेर जाऊन कुणालातरी हळूच काही सांगितलं. मला एकच शब्द ऐकू आला, दांडा.

त्यांचा समज असा होता की जिवंतपणी ताठ असलेले पाय मेल्यावर अधिकच ताठ होणार. म्हणून थांबायचं आणि जोर गोळा करायचा. खरं नेमकं उलटं होतं. तो ताठपणा जिवंतपणाचा होता. जीव गेला की मोजणारं आणि हुकूम देणारं सगळंच थांबतं आणि अंग सैल होतं. पण दोन-तीन तासच. मग दुसरा ताठपणा चढायला लागतो, तो कुणाचाच नसतो आणि हळू ओढून सुटत नाही. दुपारपर्यंत थांबलो असतो तर दांडाच लागला असता.

“आत्ता बसवायचं,” मी म्हणाले.

“स्वामी आल्याशिवाय?”

“स्वामी आल्यावर पूजा करतील. बसवणार मी, आत्ता.”

“बाईमाणसानं?” कुणीतरी मागून म्हणालं.

तेव्हा सासूबाई, ज्यांचा मुलगा तासाभरापूर्वी गेला होता, भिंतीला धरून उठल्या. “गरम अंगातच बसवायची रीत हाय आपल्यात. इसरलात का सगळे? अन् चार वर्सं कुणी बसवलं त्येला? सरका.”

माणसं सरकली. आम्ही अंघोळ घातली. मग मी डावा पाय घेतला, त्यांनी उजवा. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली. चार वर्षांच्या सवयीने माझे दंड तयार झाले, कारण ठरावीक जागी पाय अडणार, तिथे थांबायचं. मी हळूच वाकवत गेले. ती जागा आली आणि गेली. पाय अडला नाही. मी तरीही थांबले. अडण्याची वाट बघत थांबले. साडेदहापासून सगळे सांगत होते, मी स्वतः नाडी बघितली होती, डोळे मिटले होते. पण ते गेले हे मला त्या क्षणी कळलं, माझ्या हातात. माझ्याशी रोज सकाळी भांडणारं कुणी तिथे उरलं नव्हतं. मी समोर बघितलं. सासूबाईही तशाच थांबल्या होत्या. त्यांचं शिवनाम मध्येच तुटलं होतं.

मग आम्ही मांडी घातली. एकही सांधा आखडलेला नव्हता. पाठ भिंतीला टेकवली, कापडाने सावरली, हातावर लिंग ठेवलं. स्वामी आले तेव्हा ते नीट बसलेले होते. अंगणात कुणीतरी आणून ठेवलेला दांडा मी स्वतः उचलून गोठ्यामागे टाकला.

पुढे त्यांच्या नावाचं घरी जेवण होतं. मी आत वाढून देत होते. बाहेर पंगतीत अण्णा जहिराबादच्या पाहुण्यांना सांगत होते, “शरणमाणूस, शिवाचा खरा भक्त. जन्मभर न वाकलेले पाय, जीव गेला अन् आपसूक मऊ लोण्यासारखे.” मी वरणाचं भांडं घेऊन बाहेर गेले.

“आपसूक नाही, अण्णा.”

“म्हंजे?”

“जीव गेला की सगळ्यांचेच पाय सैल पडतात. तुमच्या काकांचेही पडले असतील. पण त्यांचे सांधे आखडले होते, कारण पाच वर्षं कुणी ते वाकवले नव्हते. यांचे आम्ही रोज वाकवले. सासूबाईंनी आणि मी. लोकांना सांगायचं तर हे सांगा.”

एक पाहुणा म्हणाला, “बाई, देवाच्या कामात श्रेय घेऊ नये.” मी त्याच्या पानात वरण वाढलं आणि म्हणाले की श्रेय नको, पण सासूबाई सत्तर वर्षांच्या आहेत आणि चार वर्षं पहाटे उठल्या आहेत, ते कुणी पुसून टाकलेलं मला चालणार नाही. अण्णांनी मान खाली घातली. तेवढ्यापुरतीच. महिन्याभराने तीच गोष्ट मन्नाएखेळ्ळीच्या खानावळीतून फिरून आमच्या गावात परत आली, आता तीत पायांतून उजेड निघाला होता.

म्हणून हे लिहिलं. गोष्ट थांबणार नाही, हे मला माहीत आहे. ती ऐकायला गोड आहे आणि तीत कुणाला काही करावं लागत नाही. आमच्याच नात्यात आज एक जण अंथरुणावर आहे. त्याच्या घरचे गोष्ट ऐकून निश्चिंत आहेत, म्हणतात वेळ आली की देव बसवतो. मी दोनदा जाऊन आले. त्याच्या सुनेला पाय कसा धरायचा ते दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. मी पुन्हा जाणार आहे.

मेहकरच्या शेतात समाधी आहे, तिच्यावर अजून दगड बसवलेला नाही. घरात आम्ही दोघी आहोत.